नागपुरात मे महिन्यात गल्लीतल्या कुत्र्यांचे फोटो काढायचे आहेत, त्यांना त्रास न देता कसे काढू?

भटकी_लेन्स

मेच्या दुसऱ्या आठवड्यात कामासाठी चार दिवस नागपुरात येते आहे. पहाटे दोनेक तास आणि संध्याकाळी एखादा तास रिकामा मिळेल. महाल, इतवारी, सीताबर्डी, फुटाळा या भागांत फिरून रस्त्यावरच्या कुत्र्यांचे फोटो काढायचा विचार आहे. बरगड्या दिसणारे, बघून "अरेरे" म्हणायला लावणारे फोटो नकोत. आपल्या गल्लीत घरमालकाच्या थाटात वावरणारं कुत्रं हवं आहे.

क्रॉप सेन्सरचा मिररलेस आहे, सोबत १८-५५ आणि ८५ एमएम एफ १.८. कुत्र्यांजवळ किती जावं? बिस्किटं सोबत ठेवली तर चालतील का? रेबीजची लस आधीच घेऊन यावी का? आणि जखमी किंवा उन्हाने बेजार झालेलं कुत्रं दिसलं, तर परक्या गावात काय करता येतं? उन्हाळ्यात नागपूर पहिल्यांदाच बघणार आहे, तेव्हा तेही लक्षात घेऊन सांगा.

---

गल्लीबोळ

आधी वेळेचं बघू. मेमध्ये इथे साडेपाचच्या सुमारास उजाडतं. साडेपाच ते साडेसात एवढीच तुमची कमाई. आठ वाजले की कुत्री सावलीत गडप होतात, ती दिवे लागल्यावरच बाहेर पडतात. सूर्य मावळला तरी डांबर बराच वेळ तापलेलं असतं आणि त्यावर पाय टाकायला तीही तयार नसतात. त्यामुळे संध्याकाळच्या तासावर फार भिस्त ठेवू नका.

महालातल्या बोळांमध्ये वर बघत चला. खिडकीबाहेर बसवलेल्या कूलरची टाकी कुठे ना कुठे झिरपत असते, खाली फरशीवर हातभर ओला डाग पडलेला असतो आणि त्या डागावर पोट टेकून, मागचे पाय बेडकासारखे फाकवून कुत्रं पसरलेलं असतं. थेंब पाठीवर पडला की कातडी थरथरते, पण ते हलत नाही. तुम्हाला हवा तो मालकी थाट हाच. इतवारीत दुकानं उघडायच्या आधी जा. शटर खाली असतात आणि रिकाम्या हातठेल्यांखाली दोन-तीन कुत्री हमखास सापडतात. कॉटन मार्केट पहाटे टाळा. ट्रक, हमाल, आरडाओरडा यात कुत्री आधीच ताणलेली असतात, त्यात तुमची भर नको. फुटाळ्याच्या बाजूला वायुसेनेच्या हद्दीची फाटकं-भिंती फ्रेममध्ये येऊ देऊ नका. सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे आहे, तिथेही तोच नियम.

आता खरी अडचण. आपल्याकडच्या कुत्र्याच्या डोळ्यांनी बघा: माणूस कमरेत वाकला म्हणजे त्याने दगड उचलला. कुत्र्याच्या पातळीवरून फोटो काढावा म्हणून तुम्ही वाकलात की ते एक तर पळतं, नाही तर भुंकून सगळी गल्ली गोळा करतं. म्हणून समोर जाऊन वाकायचंच नाही. पाच-सहा मीटरवर एखादा ओटा किंवा पायरी बघा आणि पाठ सरळ ठेवून, कुत्र्याकडे अंग तिरकं करून बसा. कॅमेरा मांडीवर. चार-पाच मिनिटं त्याच्याकडे बघायचं नाही, दुसरीकडे बघा. ते एकदा तुमच्याकडे बघेल, हुंगेल आणि मान फिरवून आपल्या कामाला लागेल. त्यानंतर फोटो. कॅमेरा डोळ्याला न लावता स्क्रीन वर उचलून छातीशी धरून काढलात तर उत्तम. चेहरा झाकलेला माणूस आणि त्याच्या जागी एक मोठा काळा गोल डोळा रोखलेला, हे कुत्र्याला धमकीसारखं वाटतं. ट्रायपॉड आणि मोनोपॉड हॉटेलवरच ठेवा. ती त्याच्या लेखी काठी आहे.

सेटिंगचं म्हणाल तर ८५ एफ १.८ वर दोन मीटरवरून फोकसची खोली जेमतेम चार सेंटीमीटर मिळते. गावठी कुत्र्याचं नाकाडं लांब. नाक ते डोळा नऊ-दहा सेंटीमीटर सहज. मग डोळा धारदार येतो आणि नाक म्हणजे नुसता काळा डाग. एफ ५.६ केलंत की खोली बारा सेंटीमीटरपर्यंत जाते. तीन मीटरवर बसलात तर एफ ४ पुरतं, पण तिथे फ्रेमची रुंदी ८०-८५ सेंटीमीटर, म्हणजे एक कुत्रं कसंबसं मावतं. बोळासकट कुत्रं हवं असेल तर १८-५५ लावा आणि ३० ते ३५ च्या आसपास राहा. १८ वर जवळून काढलेल्या फोटोत डोकं भोपळ्याएवढं आणि पाय काड्यांसारखे येतात. बसलेल्या कुत्र्याला शटर १/२५०, चालणाऱ्याला १/५००, आपापसात खेळणाऱ्या पोरसवदा कुत्र्यांना १/१०००.

काळ्या कुत्र्याला कॅमेरा राखाडी समजतो आणि फोटो उजळ करून ठेवतो, म्हणून एक्स्पोजर उणे दोन-तृतीयांश ते उणे एक. पांढऱ्याला उलट, अधिक दोन-तृतीयांश. तांबूस-भुऱ्याला काही करायची गरज नाही.

फ्लॅश बंद. फोकससाठी पेटणारा छोटा दिवाही मेनूत जाऊन बंद करा, तो बहुतेक जण विसरतात. शटर सायलेंट ठेवा, पण रस्त्यावरच्या दिव्यांत सायलेंटवर फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून १/५० किंवा १/१०० वर या. तरीही पट्टे दिसले तर मेकॅनिकल शटर वापरा आणि दोन पावलं मागे सरका.

---

पोट्टा_इतवारीचा

गल्लीबोळ भाऊनं सगळं बराबर सांगितलं, एक राह्यलं. ताई, कुत्र्याच्या आधी माणसाले विचारा. ज्याच्या दुकानापुढे कुत्रं झोपून राह्यलं ना, तो त्याचा अर्धा मालकच असते. शेरू, काल्या, टिपू असं काहीतरी नाव ठेवलेलं असते. "काका, याचं नाव काय हो?" एवढं विचारलं की काम झालं. काका नावानं हाक मारते, कुत्रं कान टवकारते, अन् तुमचा फोटो तिथंच. कोणतं चावकं आहे, कोणती कुत्री पिल्लांवरून अंगावर धावून येते, हेही तोच सांगते. न विचारता कॅमेरा काढला तर लोकायले वाटते तक्रार कराले आले, नाही तर नगरपालिकेची गाडी बोलावून राह्यले. मंग भांडण.

बिस्किटं मात्र ठेवू नका. काहून सांगतो. तुम्ही चार दिवसांच्या पाहुण्या. एका पुड्यावर पाच कुत्रे जमतात, त्यातले दोन शेजारच्या गल्लीतले. त्यायची भांडणं सुरू झाली की तुम्ही मधात. अन् दुसऱ्या दिवशी तेच कुत्रे पिशवी घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाच्या मागं लागतात. एखादं शाळेतलं पोट्टं घाबरून पळालं की चावणं ठरलेलं. नाव कोणाचं खराब? कुत्र्याचं.

---

पशुवैद्यक_विदर्भ

बिस्किटाबद्दल वरच्या मताशी सहमत, कारण थोडं वेगळं. गोड बिस्किट म्हणजे मैदा आणि साखर. त्याने पोट भरल्यासारखं होतं, पोषण काही नाही, आणि उन्हात पाण्याविना खाल्लं तर तहान वाढते. दुधानेही मोठ्या कुत्र्यांना बऱ्याचदा जुलाब होतात. चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका ही कुत्र्यांना विषारी आहेत. शिजवलेल्या कोंबडीची हाडं फुटून आतडं फाडतात, हे सावजीच्या उरल्यासुरल्या हाडांनाही लागू. काही द्यायचंच असेल तर पाणी द्या. नागपुरात अनेक घरांपुढे सिमेंटची टाकी किंवा मातीचं भांडं ठेवलेलं असतं, ते धुऊन भरा. प्लास्टिकचं वाडगं उन्हात तापतं आणि कुत्रं पंजा मारून उलटवतं.

कायद्याचीही एक बाजू आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सार्वजनिक जागी कुत्र्यांना खायला घालण्यावर कडक आदेश दिला होता. ज्यांना खायला घालायचं त्यांनी कुत्री दत्तक घ्यावीत, या भागाला सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात स्थगिती दिली. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात मात्र सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी सांगितलं की ठरवून दिलेल्या जागीच खायला घालायचं, रस्त्यावर नाही. तुम्हाला त्या जागा ठाऊक नसणार, म्हणून हा नाद सोडलेला बरा.

लस: होय, घेऊन या. चावा बसण्याआधीची लस ०, ७ आणि २१ किंवा २८ या दिवशी घेतात, म्हणजे किमान तीन आठवडे आधी सुरुवात हवी. तिचा फायदा असा की पुढे चावा बसला तर ० आणि ३ या दिवशी दोनच डोस पुरतात आणि इम्युनोग्लोब्युलिन (जखमेत टोचायची तयार प्रतिपिंडं) लागत नाही.

लस न घेता चावा बसला, तर जखम वाहत्या नळाखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. विषाणू काही काळ जखमेपाशीच असतो, मग नसांच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. धुणं हा त्याला तिथेच गाठायचा मार्ग आहे. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही, पट्टी आवळायची नाही, टाके लगेच घालू द्यायचे नाहीत. मग थेट मेडिकल किंवा मेयो, ही इथली दोन मोठी सरकारी रुग्णालयं. रिक्षावाल्याला एवढंच म्हणा, त्याला कळतं. रक्त आलं असेल तर तो तिसऱ्या वर्गाचा चावा, त्यात लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. ते मागून घ्या. कातडीत देतात ती लस ०, ३, ७, २८ या दिवशी असते आणि तुम्ही चार दिवसांनी परत जाणार. म्हणून लसीचं नाव, ती कातडीत दिली की स्नायूत, आणि तारखा लिहिलेला कागद घेऊनच निघा, नाही तर तुमच्या गावच्या डॉक्टरला सगळं पहिल्यापासून मांडावं लागतं. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते ती खरी, पण ते दहा दिवस लस थांबवून ठेवायची नसते. नखाचा रक्त न आलेला ओरखडाही दाखवायचा.

आणि एक खूण, उन्हाळ्यातली. मेमध्ये प्रत्येक कुत्रं तोंड उघडून धापा टाकत असतं. तुम्हाला बघून ते तोंड एकाएकी मिटलं, अंग ताठ झालं, तर समजा त्याने धापा टाकणं बाजूला ठेवून तुमच्यावर लक्ष एकवटलं आहे. नाकावरून जीभ फिरवणं, झोप नसताना जांभई, डोळ्याचा पांढरा भाग दाखवत तिरकं बघणं ही त्याआधीची पायरी. तिथेच थांबा, नजर बाजूला करा, आल्या वाटेने हळू मागे सरका. पळायचं नाही. शेपूट हलते आहे म्हणजे खूश आहे असंही धरू नका. उंच धरलेली, ताठ, तुटक हलणारी शेपूट वेगळी.

---

भटकी_लेन्स

खूप उपयोगी. लसीचं आजच बघते. कानाच्या टोकाला खाच असलेली कुत्री दिसतात, ती नसबंदी झालेलीच ना? आणि जखमी कुत्र्याचं राहिलं.

---

नकाशाबाहेर

हो, खाच म्हणजे नसबंदी आणि रेबीजची लस झालेली. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार शस्त्रक्रियेनंतर कुत्रं जिथून नेलं तिथेच सोडायचं असतं. फोटोत तो कान दिसू द्या, एवढंच म्हणेन. कापलेला कान काही लोक "सुंदर दिसत नाही" म्हणून एडिटिंगमध्ये भरून काढतात. ते करू नका. तीच त्याची कागदपत्रं आहेत.

मला सांगायचं आहे ते जागेबद्दल. फोटोबरोबर अचूक पत्ता टाकू नका. कॅमेऱ्यात आणि मोबाइलमध्ये लोकेशन बंद करा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर त्यातली जागेची माहिती निघून जाते, पण तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते. इथेच लोक फसतात. दुकानाची पाटीही पत्ताच सांगते, ती फ्रेमबाहेर ठेवा किंवा धूसर होऊ द्या. याचं कारण दोन्ही टोकांचं आहे. "इथे कुत्र्यांवर प्रेम करणारे लोक आहेत" हे कळलं की दुसरीकडची नको असलेली पिल्लं रात्री पोत्यातून तिथे येऊन पडतात. आणि ज्यांना कुत्री नकोत त्यांनाही पत्ता आयता मिळतो. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशानंतर शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा आवारातली कुत्री उचलून निवाऱ्यात न्यायची आहेत, परत तिथे सोडायची नाहीत. त्या आदेशाबद्दल कुणाचं काहीही मत असो, फोटोखाली फलाटाचा नंबर टाकताना तो लक्षात असू द्या. "नागपूर, मे" एवढं पुरे.

---

पोट्टा_इतवारीचा

मले हे पूर्ण पटलं नाही. पत्ता लपवला तर जखमी कुत्र्यापर्यंत पोचणारे लोक पोचतील कसे? महालात बोळात बोळ आहे, "विहिरीजवळ" म्हटलं तर दहा जागा निघतात.

---

नकाशाबाहेर

भाऊ, बरोबर आहे, ते वेगळं काम. जाहीर पोस्टमध्ये पत्ता नको. मदतीला येणाऱ्याला मात्र लाइव्ह लोकेशन थेट पाठवायचं. अशा वेळी कलात्मक फोटो कामाचा नसतो. चार फोटो लागतात: पूर्ण अंग डावीकडून, उजवीकडून, जखमेचा लांबून झूम करून, आणि आजूबाजूच्या खुणेसकट एक. दोन्ही बाजू यासाठी की तांबूस कुत्री एका बाजूने सगळी सारखीच दिसतात, डाग असतो तो दुसऱ्या बाजूला. सोबत लिहा: किती वाजता पाहिलं, चालतं आहे का, मागचे पाय उचलतं का, पाणी पितं का. आणि माणूस येईपर्यंत शक्य असेल तर तिथेच थांबा. पाठवून निघून गेलात की जखमी कुत्रं सरकत सरकत गटारात किंवा गाडीखाली शिरतं आणि येणारा रिकाम्या हाताने परत जातो. सर्वात जास्त फेऱ्या याच कारणाने वाया जातात.

---

पशुवैद्यक_विदर्भ

जखमीबद्दल. नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय सेमिनरी हिल्सला आहे, तिथे जनावरांचा दवाखाना चालतो. फुटाळ्याहून जवळ, महालातून लांब.

उचलायची घाई करू नका. वेदनेत असलेलं ओळखीचं कुत्रंही चावतं. उचलावंच लागलं तर सव्वा मीटर लांब, दोन-तीन बोटं रुंद पट्टीचं बँडेज घ्या. त्याचा ढिला फास नाकाडावर टाका, गाठ वरच्या बाजूला ओढा, टोकं हनुवटीखाली आणून तिढा द्या आणि कानांमागे सुटती गाठ मारा. कानांमागची गाठ मारायची राहिली तर ते पंजाने पट्टी खेचून काढतं. पण मेमध्ये हे दुधारी आहे. कुत्र्याला घाम फुटून अंग थंड होत नाही, ते धापा टाकूनच थंड होतं, आणि तोंड बांधलं की तो मार्ग बंद. जोरात धापा टाकणाऱ्या, उलटी होणाऱ्या किंवा श्वास लागलेल्या कुत्र्याचं तोंड बांधायचंच नाही. डोक्यावर जाड चादर टाकून उचला. बांधलं असेल तर दोन-चार मिनिटांत सोडा. गाडीने उडवलेलं असेल तर काखेत धरून उचलू नका. अंगाखाली चादर किंवा फळी सरकवा, पाठ वाकू देऊ नका. हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील तर आत रक्तस्राव असू शकतो, फोनवर ते आधी सांगा. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन अजिबात नाही. माणसाचा डोस त्याच्या जिवावर बेततो.

ऊन लागल्याच्या खुणा: जीभ गडद लाल, लाळ घट्ट आणि तारेसारखी, चालताना झोकांड्या. कुत्र्याचं तापमान एरवीच ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं, ४१ च्या वर धोका. सावलीत आणा, पोट, जांघा आणि पंजांवर नळाचं साधं पाणी ओता, वहीने वारा घाला. बर्फ नको, त्याने कातडीच्या शिरा आखडतात आणि आतली उष्णता आतच अडकते. ओला टॉवेल गुंडाळून ठेवणंही नको, तो मिनिटाभरात गरम होऊन पांघरुणाचं काम करतो. तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. समोर ठेवा, पिईल तेवढं पिईल. सावरल्यासारखं वाटलं तरी दवाखाना चुकवू नका.

एका प्रकाराला हातच लावायचा नाही: जबडा लोंबतो आहे, लाळ गळते आहे, दिसेल त्याला चावतं आहे किंवा झटके येत आहेत. तो रेबीज असेल, डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक विषाणूजन्य आजार) असेल. बाहेरून बघून कुणालाही सांगता येत नाही. लोकांना लांब करा आणि महापालिकेला कळवा.

---

गल्लीबोळ

ताई, पिशवीत मग एवढंच: पट्टीचं बँडेज, जुनी जाड चादर, लहान साबण, एक लिटर पाणी कुत्र्यासाठी आणि दोन लिटर तुमच्यासाठी. पायात बंद बूट, फुलपँट. एक छोटा पांढरा रुमालही ठेवा, सातनंतर काळा कॅमेरा हाताला चटके देतो, त्यावर टाकायला.

कामातून एक दिवस काढून पेंच किंवा ताडोबाला जाणार असाल तर तिथल्या फाटकावरच्या, रिसॉर्टमागच्या कुत्र्यांना काही खायला घालू नका. कुत्र्यांचा डिस्टेंपर वाघ-सिंहांनाही होतो. २०१८ मध्ये गीरमध्ये सिंह मेले, त्यात हाच विषाणू सापडला होता. जंगलाच्या कडेला कुत्र्यांची गर्दी वाढवायला आपण हातभार लावू नये.

---

भटकी_लेन्स

पहिल्या दिवशी महाल, दुसऱ्या दिवशी इतवारी असं ठरवलं. महालात बडकस चौकातून आत शिरले तर चालेल?

---

पोट्टा_इतवारीचा

चालते. चौकात चहा घ्या, अन् चहावाल्यालेच विचारा कोणत्या बोळात कूलर गळते.